हत्ती भिंतीत मावेना: गोदाकाठच्या शाळेत खऱ्या मापाचे हरवलेले प्राणी (प्रकल्प नोंदी)

काम काय ते आधी सांगतो. निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या जवळ एक जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिची कंपाउंडची भिंत ६० फूट लांब आणि ६ फूट उंच. त्या भिंतीवर या भागातून नाहीसे झालेले प्राणी काढायचे, पण खऱ्या मापात. लहान करून नाही, मोठे करून नाही. आम्ही नाशिकहून तिघं जायचो, बाकी गावातला एक पेंटर, मोठ्या मॅडम आणि रविवारी घरी बसून कंटाळलेली पोरं. कुणाला आपल्या गावात असंच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवल्यात.

२ नोव्हेंबर

भिंत बघितली. लांबून चांगली दिसते, जवळ गेलं की खालचे दोन फूट पोपडे सुटलेले. मॅडम म्हणाल्या दर दोन वर्षांनी रंग देतो आणि दर दोन वर्षांनी असंच होतं. त्यावर आत्ता सुविचार आहेत, 'झाडे लावा झाडे जगवा' आहे आणि एक वाघ आहे, जो बहुतेक कुठल्यातरी वहीच्या कव्हरवरून घेतलाय.

पेंटरमामांना भेटलो. पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यापासून काम गेलं. हात मात्र अजून एकदम सरळ. रोज ९०० रुपये ठरले, जेवण मॅडमच्या घरून.

९ नोव्हेंबर

आज फक्त यादी. आणि भांडणं. प्रत्येकाला चित्ता पाहिजे, कुनोमध्ये २०२२ ला चित्ते आणल्यापासून पोरांच्या तोंडी तेच. एकाला डायनासोर पाहिजे. शेवटी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला: ज्याचं हाड किंवा कवच या पट्ट्यात जमिनीतून निघालंय, किंवा ज्याला गावातल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, तोच भिंतीवर. चित्ता बाद, डायनासोर तर बादच, आपला खडक लाव्ह्याचा आहे त्यात कुठून मिळणार.

मग उरलं काय तर:

हत्ती. आत्ताचा नाही, पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस, सरळ सुळ्यांचा. त्याची कवटी नांदूरमधमेश्वरजवळच गोदावरीच्या गाळात मिळाली आणि जिऑलॉजिकल सर्व्हेच्या पिलग्रिमने १९०५ ला त्यावर लिहिलं. म्हणजे शाळेपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. मॅडम इथे इतकी वर्षं शिकवतात, त्यांनाही हे माहीत नव्हतं, गावात तर कुणालाच नव्हतं.

रानबैल, बॉस नमाडिकस. याचीही हाडं गोदावरीच्या गाळात मिळतात. आपल्या वशिंडवाल्या बैलांचं कूळ याच्यापर्यंत जातं.

शहामृग. यावर जास्त बोलू पुढे.

गिधाड. हे म्हाताऱ्या लोकांनी बघितलेलं.

पाणमांजर. हे नदीवर मासे धरणाऱ्या एका बाबांनी सांगितलं. त्यांच्या जाळ्यातले मासे पळवायचं, म्हणून त्यांना ते अजिबात आवडत नाही.

१६ नोव्हेंबर

तारेचा ब्रश आणि पत्र्याने खरवडायला सुरुवात. वरचा भाग ठीक. खालचा भाग हात लावला की पीठ. पांढरी पावडर बाहेर येते, जिभेला लावली तर खारट. लोणा लागलाय. गवंडी म्हणाला दोन फूट प्लास्टर काढा, नवीन करा, आत वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाका, आठवडाभर पाणी मारा आणि महिनाभर वाळू द्या. अंदाज दिला १४,००० चा. आमच्याकडे सगळ्या कामाला मिळून २५,००० जमलेले.

शिवाय गवंडी तरी कुठे मोकळा आहे, सिंहस्थाची कामं निघाल्यापासून सगळे नाशकात.

२३ नोव्हेंबर

मधल्या आठवड्यात कालव्याचं आवर्तन सुटलं आणि खरवडलेला भाग परत ओला झाला. म्हणजे कारण कळलं. भिंतीच्या मागे चारी आहे, चारीला पाणी आलं की ते पायातून वर चढतं. नवीन प्लास्टर केलं असतं तरी तेच झालं असतं, फक्त दोन वर्षांऐवजी तीन वर्षांनी.

इथे पेंटरमामांनी डोकं चालवलं. म्हणाले खालच्या पट्ट्याला डिस्टेंपर, इमल्शन काही लावूच नका, आमच्या आईच्या काळी चुना आणि गेरू असायचा आणि तो कधी पोपडे धरून पडायचा नाही. बरोबर आहे. प्लास्टिकच्या रंगाची कातडी बनते, आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही म्हणून ती फुगते आणि सुटते. चुन्यातून ओल येते आणि जाते. झिजेल, पण सुटणार नाही, आणि झिजला तर पोरं पुन्हा लावतील, खर्च शंभर-दोनशे.

मग ठरलं की खालचा दीड फूट म्हणजे नदीची दरड. गोदावरीची दरड इथे कुठेही बघा, खाली वाळू-गोट्यांचा घट्ट थर आणि वर पिवळट गाळ. हाडं याच थरात मिळतात. तर खाली गेरू आणि काळपट गोटे, वर पिवडी (पिवळी माती) घातलेला चुना. प्राणी त्या दरडीवर उभे. गोट्यांमध्ये दोन-चार दगडी हत्यारं पण काढायची, कारण नाशिकजवळ गंगापूरला नदीकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि १९५२ मध्ये त्यांचं गोदावरीच्या हत्यारांवरचं पुस्तक आलं.

कृती: कळीचा चुना रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी, मग पिवडी. पातळ ठेवा, दुधापेक्षा जरा दाट, आणि भिंत ओली करून तीन हात द्या. जाड लावला की वाळताना तडकतो, आमचा पहिला पट्टा तसाच तडकला, धुऊन परत लावला. मीठ घालायची पद्धत आहे पण लोणा लागलेल्या भिंतीत अजून मीठ कशाला.

७ डिसेंबर

हत्तीचं गणित. हा सगळ्यात मजेचा दिवस.

हा हत्ती खांद्यापाशी किती उंच होता यावर मोजणारे चार मीटरच्या पुढेच बोलतात, आणि मांडीच्या एका तुटक्या हाडावरून २०१६ मध्ये एका अभ्यासकाने पाच मीटरच्या वर अंदाज दिला. आम्ही साडेचार मीटर धरले. भिंत ६ फूट, त्यातला दीड फूट दरडीत गेला, उरले साडेचार फूट. हत्ती साडेचार मीटर, जागा साडेचार फूट.

सरपंचांचा निरोप, छोटा काढा ना, कुणाला काय कळतंय. मॅडमचं म्हणणं वर्गाच्या भिंतीवर काढू. ती उंच आहे पण त्यात तीन खिडक्या. मी छोटा करायला तयार नव्हतो. छोटा केला की तो नेहमीचा हत्ती होतो, गणपतीच्या मिरवणुकीतला, पोरं पुढे निघून जातात. मग पेंटरमामाच म्हणाले, जेवढा मावतो तेवढा काढू, वरचा आभाळात राहू द्या.

तर फक्त पाय. चार पाय, जेमतेम गुडघ्याच्या वरपर्यंत, आणि सोंडेचं टोक. भिंत संपली की हत्ती संपत नाही, वर चालूच आहे.

पायाची जाडी कुठून आणायची? आजच्या हत्तींना एक हिशोब लागू होतो, पुढच्या पावलाच्या घेराच्या दुप्पट म्हणजे खांद्यापर्यंतची उंची. उलटा लावला: साडेचार मीटरचं निम्मं, घेर सव्वादोन मीटर, म्हणजे पाऊल सुमारे २८ इंच रुंद. पोरांनी मैदानात सुतळीने सव्वादोन मीटरचा गोल टाकला आणि त्यात उभी राहायला लागली. पाचवीची सात जण मावली. एक पडला. हे भिंतीपेक्षा भारी झालं खरं सांगायचं तर, पैसे लागले सुतळीचे.

पुढचे आणि मागचे पाय यांच्यात दहा फूट सोडले. खडूने सूत मारलं, ओळंबा धरला, कारण भिंत स्वतःच एका बाजूला उतरलीय आणि भिंतीच्या वरच्या कडेवरून माप घेतलं की हत्ती लंगडा दिसतो.

इंटरनेटवरून चित्र घेणाऱ्यांसाठी: या हत्तीचं नाव टाकलं की मध्येच केसाळ मॅमथ येतो. आमच्यातल्या एकाने प्रिंट काढून आणली त्यात केसच केस. तो वेगळा प्राणी, थंडीतला. पूर्ण हत्ती कसा दिसायचा याची एक छोटी पाटी बाजूला केलीय, शेजारी माणूस उभा करून, त्यात कपाळावरचा जाड उंचवटा आणि सरळ सुळे दिसतात.

१४ डिसेंबर

निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा सकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो, आज ७ च्या खाली होता. बागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या, धूर सगळीकडे. आम्ही नाशिकहून पहाटे निघून साडेसातला हजर आणि भिंत दवाने निथळतेय. फडक्याने पुसली, प्रायमर मारला, तासाभरात ओघळ. वाळलाच नाही. दुपारी बोटाने चोळला तर निघाला.

एक अख्खा हात वाया, प्रायमरचे साधारण ८०० रुपये गेले.

ज्यांना हिवाळ्यात करायचंय त्यांनी ऐका: पाण्याचा रंग १० अंशांच्या खाली धरतच नाही. सकाळी ११ ला सुरू करा, ४ ला ब्रश खाली. चारनंतर मारलेल्या रंगावर रात्री दव पडतं आणि सकाळी पांढरे डाग. म्हणजे दिवसाचे पाचच तास, आणि पेंटरला रोज मात्र पूर्ण. बजेट करताना हे धरा.

२८ डिसेंबर

हत्तीचे पाय झाले. रानबैल पण झाला, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, बैल काढायला या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त पोरांनी शिंगांना पोळ्याचे रंग दिले होते ते पुसले.

४ जानेवारी

गिधाड. आम्ही आधी लांब चोचीचं गिधाड काढायचं ठरवलं होतं, कारण नाशिक जिल्ह्यात गिधाड म्हटलं की अंजनेरी आठवते आणि तिथल्या कड्यांवर तेच असतं. खडूने आकार पण काढून झाला. तेवढ्यात शाळेसमोरच्या ओट्यावर बसणारे एक बाबा काठी टेकत आले, वय ऐंशीच्या पुढे.

"हे काय, गिधाड? आसं नव्हतं आपल्याकडं."

"मग कसं होतं बाबा?"

"काळं. खाली बसलं का काळं, अन् उडालं का पाठीवर पांढरं दिसायचं. तिकडं गायरानात ढोर टाकलं का लगेच यायचे, वीस-तीस. संध्याकाळपर्यंत सांगाडा. झाडावर राह्यचे, नदीकडच्या चिंचांवर."

कड्यावर नाही, झाडावर. पाठीवर पांढरं. म्हणजे पांढऱ्या पाठीचं गिधाड, आमचं चित्र चुकीच्या जातीचं. या सपाट मुलखात कडे आहेतच कुठे, ते झाडांवरच घरटी करणार. खडू पुसला. बाबांना खुर्ची दिली आणि दिवसभर तिथेच बसवलं, मान किती उघडी, गळ्यापाशी पांढरं कुठपर्यंत, सगळं त्यांना विचारून.

पंख पसरलेलं, पाठमोरं, ऊन खात बसलेलं काढतोय, म्हणजे पाठीचा पांढरा भाग दिसतो. पंखांची रुंदी सात फूट. पोरं दोन्ही हात पसरून मापायला येतात आणि कुणीच पुरत नाही, मॅडम पण नाही, मी पण नाही.

११ जानेवारी

गिधाडाचं चित्र झालं पण पाटीवर काय लिहायचं यात दिवस गेला. हत्ती, रानबैल, शहामृग हजारो वर्षांपूर्वी गेले, त्याला आपण काय करणार. गिधाड आमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर गेलं आणि का गेलं ते पक्कं माहीत आहे. जनावराला दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचलं, ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, गिधाडांची किडनी बंद पडली. कळपाने खातात, त्यामुळे एका ढोरामागे कितीतरी मरतात. देशात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के कमी झाली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ ला बंदी आली, मग माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरतात म्हणून २०१५ ला त्या ३ मिलीच्याच ठेवल्या, आणि २०२३ ला जनावरांसाठीचे किटोप्रोफेन, असेक्लोफिनॅक पण बंद.

गावात जनावरं बघायला येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मी मेलॉक्झिकॅमच देतो, तेवढाच गुण येतो आणि गिधाडाला धोका नाही. लोक मात्र गाय बसली की मेडिकलमधून जे मिळेल ते आणतात. म्हणून पाटीवर प्राण्याची माहिती दोन ओळी आणि खाली मोठ्या अक्षरात: 'जनावराला दुखण्यावर मेलॉक्झिकॅम मागा. डायक्लोफिनॅक नको.' पेंटरमामांनी ही अक्षरं अशी काढलीत की बसस्टँडवरून वाचता येतात. मला विचाराल तर अख्ख्या भिंतीवर उपयोगाची ओळ ही एकच.

१८ जानेवारी

द्राक्षांचा सीझन. कुठल्यातरी औषधवाल्याने रात्री गिधाडाच्या बरोबर छातीवर पोस्टर चिकटवलं, खळ लावून. दोन्ही पंखांमध्ये द्राक्षावरच्या भुरी रोगाचा बंदोबस्त. ओढून काढलं तर खालचा रंग सोबत आला. पोस्टर निघत नसेल तर कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास दाबून ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळू काढा, दुसऱ्या कोपऱ्याला तसं केलं तर रंग वाचला.

दुरुस्तीला पेंटरचा अर्धा रोज. आणि मॅडमनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा काही मेसेज टाकला की परत कुणी हिंमत केली नाही. तो मेसेज मी इथे देत नाही.

१ फेब्रुवारी

शहामृग. यावर शाळेतच विरोध.

"सर, तपासणीला साहेब आले तर म्हणतील आफ्रिकेतला पक्षी काढलाय, मी काय सांगू?"

मॅडमची भीती खरी आहे. मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला एस. ए. साळींनी उत्खनन केलं त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली, एकावर तर माणसाने रेघा कोरून नक्षी केलेली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. आणि २०१७ ला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने भारतात मिळालेल्या कवचांमधून डीएनए काढून ते शहामृगच असल्याचं दाखवलं. पाटणं आपल्या जिल्ह्यात नाही, शेजारच्या जळगावात आहे, तसं पाटीवर स्पष्ट लिहिलंय. शहामृगाला जिल्ह्याची हद्द कोण सांगणार.

मावायचा प्रश्न परत आलाच, शहामृग सात-आठ फुटांचा. पण याला मान आहे. मान खाली घालून चरतोय असा काढला, पाठ बरोबर भिंतीच्या कडेला लागते. पायाशी फुटक्या अंड्याचा तुकडा, त्यावर पाटण्याच्या कवचासारख्या रेघा. सातवीतल्या एका मुलीने त्या एका बारीक ब्रशने तासभर बसून मारल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

पेंटरमामा म्हणतात याचे पाय काढणं हत्तीपेक्षा अवघड, दोनच बोटं आणि त्यातलं एक भलतंच मोठं.

२२ फेब्रुवारी

हिशोब. एक्सटिरियर प्रायमर, वाया गेलेला धरून, ३,४००. पांढरं इमल्शन आणि स्टेनरच्या बाटल्या ५,१००. चुना, गेरू, पिवडी, डिंक मिळून ६५०. ब्रश, पत्रा, सुतळी, बादल्या १,२००. पेंटरमामा १०,३५०. येण्याजाण्याचं पेट्रोल आम्ही आमचं घातलं. पाट्यांचा पत्रा एका पालकाने फुकट दिला. एकूण २०,७००, उरलेले ४,३०० मॅडमकडे आहेत, त्यातून दर पावसाळ्यानंतर खालचा पट्टा पोरांकडून चुन्याने परत लावून घ्यायचा.

रंग नाशिकच्या रविवार कारंजाला घेतलात तर भाव होतो, गावात एमआरपी. पण शेड कमी पडली की त्यासाठी नाशिकला परत जावं लागतं, तेव्हा राखाडी जास्तच बनवून ठेवा. हत्तीचा मागचा डावा पाय बाकीच्यांपेक्षा किंचित निळा आहे, कारण दुसऱ्यांदा बनवलेली राखाडी कधीच पहिल्यासारखी येत नाही.

राहिलंय पाणमांजर. आकार झालाय, रंग झालाय, शेपूट अडलंय. ते मासेवाले बाबा म्हणतात शेपटी खालून चपटी, पट्टीसारखी. पोरांनी यूट्यूबवर बघितलंय त्यात गोल दिसते. पुस्तकं बाबांच्या बाजूने आहेत, आपल्या नद्यांमधल्या पाणमांजराची शेपूट चपटीच असते, पण पाचवीतल्या दोघांनी खडूने गोल काढून ठेवलीय आणि ती पुसायला गेलं की आरडाओरडा. बाबा पुढच्या रविवारी स्वतः येतो म्हणालेत.